कोड खुला, पण बदलायचा कुणी?

‘सोर्स कोड खुला आहे, हवा तो बदल करा,’ असे सांगणारे अर्धेच सांगतात. १९९१ साली आलेल्या लिनक्सचा कोड कुणालाही पाहता येत होता. पण नवे साउंड कार्ड चालवायचे तर बहुधा अख्खे कर्नल पुन्हा कंपाइल करावे लागे. त्यात तासन् तास जात. शिवाय इंग्रजी यायला हवे. म्हणजे हक्क सर्वांचा, वापर मूठभरांचा!

१९९५ साली लिनक्स १.२मध्ये मॉड्यूल आले. चालू कर्नललाच ड्रायव्हर जोडता येऊ लागला. आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते त्याच काळातले ग्नूचे ‘गेटटेक्स्ट’. त्याने पडद्यावरची वाक्ये प्रोग्रॅमबाहेर, वेगळ्या फाइलीत काढली. इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ लिहायची, फाइल रूपांतरित करायची. प्रोग्रॅम तसाच राहतो. ग्नोमचा पडदा मराठीत आला तो याच वाटेने.

पण मराठी कुणाची? फोल्डरला कुणी ‘संचयिका’ म्हटले आणि नसरापूरच्या मुलांना ‘फोल्डर’च कळत असेल, तर ती ओळ त्यांनी खुशाल खोडावी. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, कुणा पंडिताची परवानगीही नाही. शाळेच्या संगणक तासाला हे शिकवणार कधी?