साखर-मीठ-पाण्याची कुळकथा

जुलाब लागले की घरातलं कुणीतरी साखर-मीठ-पाणी द्यायला सांगतं. हा सल्ला आजीबाईच्या बटव्यातला वाटतो, पण त्याला शास्त्राचा भक्कम आधार मिळाला तो १९६०च्या दशकात. आतड्यातल्या पेशी मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये ही जोडी मांडली. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी भराभर निघून जातं, तरी शोषणाची ही वाट शाबूत राहते. तिचा उपयोग १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर दाखवून दिला.

तरीही डॉक्टरांचा भरवसा सलाइनच्या बाटलीवरच होता. तो मोडला १९७१ साली, पश्चिम बंगालमधल्या बनगावात. बांगलादेशच्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. रुग्ण जमिनीवर पडलेले. कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या बांधल्या, द्रावण पिंपांत भरलं आणि पेल्यानं पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे सोपवलं. तिथं शंभरात सुमारे तीस जण दगावत होते. ते प्रमाण चाराच्याही खाली आलं.

माझ्या मते या कथेतला सर्वांत मोठा शोध हाच: आईच्या हातावर विश्वास टाकणं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८०च्या दशकात तो शेवटास नेला. तिच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतकं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा लिटर पाणी कसं कालवायचं, हे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत शिकवलं. आईला नंतर किती आठवतं, यावर कार्यकर्तीचा मेहनताना ठरे! निरक्षर बाईच्या स्मरणाला एवढं मोल क्वचितच कुणी दिलं असेल.

आपल्याकडे हीच जलसंजीवनी. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच. माप बिघडवू नका: जास्त साखरेनं जुलाब वाढतात, जास्त मीठ बाळाला धोक्याचं. म्हणून ओआरएसची पुडी मिळाली तर तीच घ्या, गोड सरबताची बाटली नको. घोटघोट पाजत राहा. आणि मूल मलूल झालं, पिईनासं झालं, तर लगेच दवाखाना गाठा.