हवेचा माग : जेम्स टिली मॅथ्यूजची कैफियत

डिसेंबर १७९६. हाउस ऑफ कॉमन्सच्या प्रेक्षक-सज्जातून एक चहाचा व्यापारी ओरडला : 'राजद्रोह!' जानेवारी १७९७ मध्ये त्याची रवानगी लंडनच्या बेथलेम, लोकांच्या तोंडी 'बेडलॅम', या मनोरुग्णालयात झाली. पुढे तो 'असाध्य' रुग्णांच्या विभागात गेला.

जेम्स टिली मॅथ्यूजचे म्हणणे असे, की लंडनमधील एका तळघरात सात जणांची टोळी 'एअर लूम', म्हणजे हवेचा माग, चालवते. पिंपांतील दुर्गंधीयुक्त वायू आणि चुंबकीय प्रवाह यांच्या बळावर हे यंत्र दुरून माणसाच्या मेंदूवर ताबा मिळवते. त्यातील एका छळाचे नाव होते 'काइटिंग' : मुले पतंग उडवतात, तसा एखादा विचार डोक्यात चढवून तासन् तास तरंगत ठेवायचा. टोळीच्या म्होरक्याचे नाव 'बिल द किंग'. मंत्र्यांची मनेही हीच टोळी फिरवते, असे मॅथ्यूज सांगे.

हे सारे शून्यातून आले नव्हते. पॅरिसमध्ये मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी १७८४ मध्येच झाली होती, आणि वायूंचे रसायनशास्त्र हे त्या काळचे सर्वांत नवे विज्ञान होते. राजकीय भीतीलाही आधार होता. ब्रिटन व फ्रान्स यांच्यात तह व्हावा म्हणून मॅथ्यूजने खरोखरच पॅरिसच्या वाऱ्या केल्या होत्या. जॅकोबिनांनी त्याला हेर समजून १७९३ मध्ये पकडले. तो तीन वर्षे कैदेत राहिला. मायदेशी परतल्यावर सरकारने त्याला ओळखही दाखवली नाही. कारस्थानात सापडलेल्या माणसाला कारस्थानाचा भ्रम व्हावा, यात विचित्र असे काहीच नाही. भ्रम कोठे सुरू होतो, हे ठरवणे मात्र त्यामुळे अवघड होते.

नातेवाइकांनी १८०९ मध्ये सुटकेसाठी न्यायालयात धाव घेतली. बर्कबेक व क्लटरबक या डॉक्टरांनी तो शहाणा असल्याचे सांगितले. बेथलेमचे औषधतज्ज्ञ जॉन हॅस्लम यांनी उत्तरादाखल १८१० मध्ये 'इलस्ट्रेशन्स ऑफ मॅडनेस' हे आख्खे पुस्तकच छापले. एकाच रुग्णावर लिहिलेला इतका विस्तृत ग्रंथ तोवर झाला नव्हता, असे मानतात. ज्याला पुढे पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया म्हटले गेले, त्याचे ते पहिले तपशीलवार वर्णन, असे अनेक अभ्यासक सांगतात. पुस्तकात मॅथ्यूजने स्वतः काढलेले यंत्राचे चित्रही आहे. वेडेपण सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या या ग्रंथात मॅथ्यूज हॅस्लमपेक्षा अधिक लक्षात राहतो, ही हॅस्लमची गंमतीदार शिक्षाच.

सुटका झाली नाही. त्याच काळात बेथलेमच्या नव्या इमारतीसाठी आराखडे मागवले गेले, आणि या 'असाध्य' रुग्णाने आपले नकाशे व सविस्तर टिपणे सादर केली. संचालकांनी त्याला ३० पौंड दिले. १८१४ मध्ये हॅक्नीतील एका खासगी संस्थेत त्याला हलवण्यात आले. त्याच वर्षी बेथलेममध्ये अनेक वर्षे लोखंडी पट्ट्यांत जखडलेला जेम्स नॉरिस सापडला आणि पुढे १८१५ मध्ये संसदीय चौकशी बसली.

मॅथ्यूज जानेवारी १८१५ मध्ये वारला. हॅस्लम यांना १८१६ मध्ये बेथलेममधून काढून टाकण्यात आले.