ठळक तिरपे शीर्षाक्षर आणि देवनागरी लिपी : ‘शिरूर’ व ‘दौंड’ या स्थलनामांच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुणे–अहिल्यानगर मार्गावरील शिरूर आणि पुणे–सोलापूर लोहमार्गावरील दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे होत. रेल्वेस्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाचे नाव उभ्या, स्थिर अक्षरांत लिहिलेले असते. बाजारपेठेतील पाट्या, फ्लेक्स व वाहनांवर मात्र ठळक, तिरपी अक्षरेही दिसतात. हे वळण देवनागरीत कोठून आले व त्यामुळे कोणता प्रश्न निर्माण झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रोमन लिपीतील उगम :
तिरपा टंक मूलतः हस्ताक्षराच्या अनुकरणातून जन्मला. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याने १५०१ मध्ये फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरलेल्या अशा टंकात व्हर्जिलचे काव्य छापले. अक्षराच्या टोकांवरील आडव्या रेघा, म्हणजे सेरिफ, वगळलेला टंक विल्यम कॅस्लन चौथा याने १८१६ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे जाहिरातीच्या गरजेतून हे दोन प्रवाह एकत्र आले. ठळकपणाने लक्ष वेधणे, तिरपेपणाने गती सुचविणे आणि सेरिफ वगळून दुरून सुवाच्यता साधणे, हे या टंकाचे कार्य ठरले.

देवनागरीतील स्थिती :
देवनागरीत रोमन अर्थाने सेरिफ नाही. तिच्यातील जाड-बारीक रेषा बोरूच्या तिरप्या छाटातून आलेल्या आहेत. विल्यम कॅरे याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टंकाला सुबक वळण दिले. ही परंपरा उभ्या अक्षराची होती. मात्रा व अक्षर यांचे वेगवेगळे खिळे एकावर एक जुळविताना अक्षर तिरपे करायचे, तर वरचा खिळा उजवीकडे सरकविणे भाग पडते. त्यामुळे शिशाच्या खिळ्यांत असा टंक घडविणे कष्टाचे होते. फलक रंगविणारा पेंटर मात्र कुंचल्याने ही जागा सावरून घेऊ शकत असे.

संगणकाने ही अडचण वरकरणी दूर केली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि भारतीय लिपींच्या संगणकीकरणाला चालना मिळाली. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० सोबत सर्वत्र पोहोचला. त्याचबरोबर कोणतेही अक्षर एका कळीने तिरपे करण्याची सोयही हाती आली.

दोन नावांचा दाखला :
यांत्रिक तिरपेपणात शिरोरेषा आडवीच राहते, उभे दंड उजवीकडे कलतात. ‘शिरूर’मधील ‘र’चा उजवीकडे उतरणारा पाय त्यामुळे जवळजवळ उभा होतो आणि अक्षराचा तोल जातो. ‘दौंड’मध्ये शिरोरेषेवर दोन मात्रा व अनुस्वार यांची दाटी आहे. डावीकडे झुकणाऱ्या मात्रा तिरपेपणात सरळ उभ्या राहतात. ठळकपणाने मधली पोकळी बुजते आणि अनुस्वार मात्रांना चिकटतो. दुरून वाचता यावे म्हणून निवडलेले अक्षरच अशा प्रकारे दुर्वाच्य होते.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या फलकांवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असे बंधन घातले. या तरतुदीने आकाराची समता मिळाली. अक्षरवळणाची समता त्यातून आपोआप येत नाही. रोमन नाममुद्रेसाठी स्वतंत्र रेखाटन आणि शेजारच्या मराठी नावासाठी केवळ संगणकाची कळ, हा भेद त्यानंतरही उरतो. २०१५ मध्ये मुंबईच्या एक टाइप या गटाने प्रसिद्ध केलेल्या ‘मोदक’ या अतिठळक टंकाने देवनागरीच्या प्रकृतीतूनच शीर्षाक्षर घडविता येते, हे दाखवून दिले. तिरप्या टंकाबाबतही तोच मार्ग श्रेयस्कर आहे. मात्रा, रफार व अनुस्वार यांना जागा देऊन प्रत्येक अक्षर नव्याने रेखाटले, तरच गावाचे नाव ठळक होईल आणि वाचताही येईल.