एलन विलिस आणि चंगळवादाचा प्रश्न

'कन्झ्युमरिझम'साठी मराठीत 'चंगळवाद' हा शब्द चांगला रुळला आहे. रुळताना तो निकालही सोबत घेऊन आला. चंगळ म्हटलं की करणारा दोषी ठरलाच, पुढे चर्चेला काही उरत नाही. त्यामुळे एलन विलिसचा १९७० साली 'रॅम्पार्ट्स' या अमेरिकी डाव्या मासिकात आलेला निबंध मराठीत आणायचा म्हटलं तर शीर्षकापाशीच गाडी अडते. बायका खरेदी करतात म्हणजे त्या जाहिरातींना भुललेल्या असतात, हा डाव्या वर्तुळातला लाडका समज तिने त्यात मोडीत काढला आहे. घरासाठी सामान आणणं, ते निवडणं, भाव बघणं हे बायकांवर सोपवलेलं काम आहे. नीटनेटकं, आकर्षक दिसणं हेसुद्धा काम आहे, कारण नोकरी आणि लग्न दोन्ही त्यावर अडलेलं असतं. या बिनपगारी कष्टांना पुरुष कार्यकर्ते मौजमजा म्हणतात आणि वर बायकांनाच भांडवलशाहीच्या बाहुल्या ठरवतात, असा तिचा राग होता. शिवाय, वस्तूंमधून मिळणारा आनंद खोटा नसतो. ज्या समाजात दुसरे आनंद दुर्मिळ करून ठेवलेले आहेत तिथे माणसं हाताशी असलेला आनंद घेतात, यात मूर्खपणा कसला?

हे लिहिणारी बाई तेव्हा 'द न्यूयॉर्कर'मध्ये रॉक संगीतावर स्तंभ लिहीत होती. लोकप्रिय संस्कृतीवर बोलणारी पत्रकार आणि रस्त्यावर उतरणारी कार्यकर्ती एकच असणं आज, पॉडकास्टच्या काळात, नवलाचं वाटत नाही. १९६८ साली ते फार नवलाचं होतं.

विलिसचा जन्म १९४१चा, न्यूयॉर्कचा. वडील पोलीस खात्यात. बार्नर्ड कॉलेजातून पदवी घेऊन ती बर्कलीला तौलनिक साहित्य शिकायला गेली आणि थोड्याच काळात ते सोडून आली. (आमच्या विषयाचं हे नुकसान की तिची सुटका, हे ठरवणं अवघड आहे.) १९६७ साली 'चीता' नावाच्या अल्पायुषी मासिकात तिचा बॉब डिलनवरचा दीर्घ लेख आला. तो वाचून 'न्यूयॉर्कर'चे संपादक विल्यम शॉन यांनी तिला बोलावलं. त्या साप्ताहिकाची ती पहिली लोकप्रिय-संगीत समीक्षक. तिथल्या शांत, इस्त्री केलेल्या गद्यात रॉक म्हणजे पोरांचा गोंगाट होता, आणि त्यावर लिहिणारी एक पंचविशीतली तरुणी. १९७५ पर्यंत तिने पन्नासहून अधिक स्तंभ लिहिले. स्वरांचं शास्त्र तिने कधी मिरवलं नाही. गाणं ऐकणाऱ्याचं काय होतं, हा तिचा प्रश्न. वुडस्टॉकच्या जलशाला क्रांती म्हणणाऱ्यांवरही तिचा विश्वास नव्हता. रॉक हा धंदा आहे हे विसरून त्याच्यावर प्रेम करण्याची तिला गरज वाटत नव्हती.

१९६९च्या सुरुवातीला शुलामिथ फायरस्टोनबरोबर तिने 'रेडस्टॉकिंग्ज' हा स्त्रीवादी गट उभा केला. त्याच फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळ समितीने गर्भपात कायद्यात सुधारणा करण्याविषयी सुनावणी ठेवली. साक्ष द्यायला बोलावलेले तज्ज्ञ पंधरा: चौदा पुरुष आणि एक जोगीण. स्त्रियांनी ती सुनावणी बंद पाडली. खऱ्या तज्ज्ञ आम्ही, आणि आम्हाला सुधारणा नको, कायदाच रद्द करा, हे त्यांचं म्हणणं. महिन्याभराने, २१ मार्चला, रेडस्टॉकिंग्जने ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका चर्चमध्ये स्वतःची सुनावणी भरवली. बारा जणींनी तीनेकशे लोकांसमोर आपापल्या गर्भपाताची हकीकत सांगितली. तेव्हा ती गुन्ह्याची कबुलीच होती. श्रोत्यांमध्ये पत्रकार म्हणून ग्लोरिया स्टाइनेम होती. तिच्या स्त्रीवादाची सुरुवात तिथे झाली असं ती पुढे सांगत आली. विलिसने फेब्रुवारीतल्या गोंधळाचा वृत्तान्त 'न्यूयॉर्कर'च्याच निनावी सदरात लिहिला. म्हणजे एकच लेखणी, काही पानांच्या अंतरावर, एकदा नावानिशी गाण्यांवर आणि एकदा नावाशिवाय गर्भपातावर.

१९७० साली न्यूयॉर्कने चोविसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताला मुभा दिली. त्याच्या पुढच्याच वर्षी भारताच्या संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. आपल्याकडे चर्चमधली सुनावणी झाली नाही, कुणाला उघडपणे काही सांगावं लागलं नाही, आणि कायद्याने निर्णय डॉक्टरच्या मतावर सोपवला. नेमकी हीच, डॉक्टरांनी परवानगी देण्याची तरतूद रेडस्टॉकिंग्जला मान्य नव्हती. न मागता मिळालेल्या कायद्याची भाषा आणि भांडून मिळालेल्याची भाषा वेगळी असते, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर कळतं.

या कार्यकर्तीने मग रोलिंग स्टोन्स कसे ऐकायचे? 'अंडर माय थम' हे गाणं म्हणजे पुरुषी मग्रुरीचा नमुना. १९७१च्या एका स्तंभात तिने साधी युक्ती वापरली: गाण्यातले स्त्री-पुरुष उलटे करून पाहायचे. 'अंडर माय थम' उलटं केलं तर टिकतं. छळणाऱ्या प्रियकराला ताब्यात आणल्याचा आनंद एखादी बाईही उपभोगू शकते. पण कॅट स्टीव्हन्सचं हळुवार, सुस्वभावी 'वाइल्ड वर्ल्ड' उलटं होत नाही. सोडून जाणाऱ्या पुरुषाला, बाबा रे, जग फार वाईट आहे, तुझं कसं होईल, असं कळवळून सांगणारी बाई डोळ्यासमोर येत नाही. म्हणजे शिवी देणाऱ्यापेक्षा काळजी करणारा जास्त वरचढ. आपल्या भावगीतांवर आणि सिनेमाच्या गाण्यांवर हा प्रयोग ज्याने त्याने घरी करून पाहावा. निकाल गमतीचे येतात.

त्याहून अवघड प्रसंग सेक्स पिस्टल्सने आणला. त्यांचं 'बॉडीज' हे गाणं गर्भपाताविषयी किळस ओकणारं. विलिसने ते ऐकलं, अस्वस्थ झाली, आणि तरी कबूल केलं की ते तिला हलवतं. त्याच सुमारास स्त्रियांच्या चळवळीतून आलेलं सौम्य, सद्हेतूचं संगीत तिला मिटवून टाकत होतं. आपल्याला काय हवं, काय नको हे जो बेधडक ओरडून सांगतो तो ऐकणारीलाही तसं ओरडायला शिकवतो, मग त्याचे शब्द तिच्या विरोधात का असेनात, असा तिचा निष्कर्ष. मला तो पूर्ण पटत नाही. शब्द कानावर पडत राहतात आणि आपलं काम करतात, असं भाषांतर करणाऱ्याला तरी वाटतंच. पण कार्यकर्तीने आपल्या आवडीची अशी उघड तपासणी करावी, आवड लपवूही नये आणि तिला सूटही देऊ नये, हे दुर्मिळ आहे. अश्लील साहित्यावर बंदी मागणाऱ्या स्त्रीवाद्यांशी ती १९७९ पासून भांडली तीही याच आधारावर. सुखाचा संशय घेणारी चळवळ अखेर जुन्या नीतिरक्षकांच्या शेजारी जाऊन बसते, हे तिचं म्हणणं रेगनच्या काळात बऱ्याच जणींना पटलं, बऱ्याच जणींना मुळीच नाही.

१९७५ नंतर संगीतावरचं तिचं लेखन विरळ होत गेलं. ती 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये लिहू आणि संपादन करू लागली, १९९५ साली न्यूयॉर्क विद्यापीठात सांस्कृतिक पत्रकारितेचा अभ्यासक्रम तिने सुरू केला, आणि २००६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. स्त्रीवादी म्हणून तिचं नाव राहिलं. रॉकची पहिल्या फळीतली समीक्षक मात्र बराच काळ पुरुषांच्या यादीतून गळली होती. २०११ साली मुलगी नोना विलिस अरोनोविट्झने संगीतावरचे लेख एकत्र केले. २०१४ साली तिनेच समग्र निवड काढली, तिला समीक्षेचा नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्कार मिळाला. या दुसऱ्या पुस्तकाची मांडणी विषयांनुसार नाही, दशकांनुसार आहे. त्यामुळे गाणी, गर्भपात, कुटुंब, ज्यू असणं हे सगळं तिने ज्या क्रमाने जगलं साधारण त्याच क्रमाने, एकमेकांत मिसळून समोर येतं, आणि प्रत्येक दशकाची ओळख तिच्याहून कितीतरी तरुण अशा एकेका पत्रकाराने करून दिली आहे.