मागावर बोट गेलं तर : अपघाताची नोंद, भरपाई आणि कामावर परतणं

माझ्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तिच्या अब्बांचं बोट पॉवरलूमच्या पट्ट्यात गेलं. सेठने दवाखान्याचं बिल भरलं, हातावर पाच हजार ठेवले. घरच्यांनी नसीब म्हणून विषय संपवला. नोंद कुठेच नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत अशी घरं पुष्कळ आहेत. म्हणून ही माहिती जपून ठेवा.

पहिल्याच दिवशी

डॉक्टरांना खरं सांगा : "कारखान्यात, मशीनवर लागलं." सेठला वाईट वाटेल म्हणून "घरी पडलो" असं सांगितलं, की केस पेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे तोच कागद आपल्याविरुद्ध जातो.

मालकाला लेखी कळवा. तारीख, वेळ, कोणता माग, कुठे लागलं, जवळ कोण होतं, एवढं पुरे. मराठी, उर्दू, हिंदी काहीही चालेल. एक प्रत स्वतःकडे ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं तर तो मेसेज पुसू नका. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, मागाचा फोटोही सांभाळा.

पैसे कोण देणार?

कारखान्यात १० किंवा जास्त कामगार आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल, तर ईएसआय लागू होते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. कामावरच्या अपघातासाठी आधी इतके हप्ते भरलेले हवेत, अशी अट नाही. उपचार मोफत, आणि काम बंद असेपर्यंत सरासरी मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते.

ईएसआय नसेल तर जबाबदारी थेट मालकाची. १९२३ च्या कायद्यातला हा हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. उपचाराचा खर्च वेगळा, भरपाई वेगळी. बिल भरलं म्हणजे हिशेब मिटला, असं नाही.

एक हिशेब पाहा. वय ३०, पगार १२,०००, आणि तर्जनी पूर्ण गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. या वयाचा गुणक २०७.९८. गुणाकार १४,९७,४५६. तर्जनीसाठी कायद्यात १४ टक्के नुकसान धरलं आहे, म्हणजे भरपाई साधारण २ लाख ९ हजार. कुठे पाच हजार, कुठे दोन लाख!

दाव्याची मुदत अपघातापासून २ वर्षं. "आणखी काही मागणार नाही" अशा स्टॅम्प पेपरवर सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. हक्क सोडून देणारा असा करार कायदा मानत नाही, पण सही केली की वाद वाढतो. अर्ज कुठे द्यायचा ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर लावा.

कामावर परतताना

* डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट घेतल्याशिवाय मागावर उभं राहू नका. ईएसआयचा अपघात लाभ सुरू असताना मालक कामावरून काढू शकत नाही.
* जखम ओली असताना बारा तासांची पाळी नको. सुरुवातीला हलकं काम मागा, आणि तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या.
* ज्या पट्ट्यात बोट गेलं त्याला जाळी बसली का, ते आधी बघा. ती बसवणं मालकाचं काम आहे. नाहीतर उद्या तिथेच दुसऱ्याचा हात जाईल.
* सैल बाही, लटकणारा रुमाल नको. चालू मागात हात घालू नका.
* बोट आखडलं, मुंग्या येतात, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. कायमचं अपंगत्व किती टक्के, हे डॉक्टरी तपासणीतूनच ठरतं.

नोंद करणं म्हणजे सेठशी दुश्मनी नव्हे. सेठशी संबंध चांगले ठेवा, पण कागदही ठेवा. घरातला कमावता हात अधू झाला की पहिल्यांदा मुलांची शाळा सुटते. ती सुटू नये, एवढ्यासाठी तरी लिहून ठेवा.