गरीब म्हणजे परका : विरहगीतांचा इतिहास

🧵 १/ 'गरीब' हा शब्द आपण निर्धन या अर्थाने वापरतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'परका', घरापासून दुरावलेला. तुर्कीत 'गुर्बेत' म्हणजे आजही परमुलूख. उर्दूतील 'गुर्बत' मात्र परदेशवास आणि दारिद्र्य, दोन्ही अर्थ सांभाळते.

२/ तुर्की लोकगीतांचा मोठा प्रवाह या गुर्बेतभोवती वाहतो. येमेनला गेलेल्या आणि न परतलेल्या उस्मानी सैनिकांचे शोक त्यात आहेत. १९६१ च्या करारानंतर जर्मनीत मजुरीस गेलेल्यांची गीतेही त्याच परंपरेतील.

३/ हीच गुर्बत भिवंडीने अनुभवली. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील मोमीन विणकर दक्षिणेकडे आले. मालेगाव, भिवंडी येथे स्थिरावले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. उत्तर प्रदेश-बिहारमधून मजूर येतच राहिले.

४/ पुरुष मागावर, स्त्री गावी. तिच्या प्रतीक्षेला भोजपुरीत स्वतंत्र गीतप्रकार आहे : 'जँतसार'. जाँत म्हणजे जाते. दळताना गायचे ते जँतसार. भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) यांचे 'बिदेसिया' हे नाटक याच विरहावर उभे आहे.

५/ आपल्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या सख्ख्या बहिणी. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत माहेरची ओढ पुन्हा पुन्हा येते. सासुरवाशिणीला परकेपणासाठी आगगाडीची गरज नव्हती. लग्न पुरेसे होते.

६/ जाणाऱ्या पुरुषाची बाजू अण्णाभाऊ साठे यांनी मांडली. वाटेगावहून मुंबईत आलेल्या या शाहिराची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्र चळवळीत गाजली. तिच्यात मागे राहिलेली मैना ही महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचेही रूप घेते. खासगी विरह येथे राजकीय मागणी झाला.

७/ सरकारी दफ्तरात मागांची गणना सापडते, कापडाचे उत्पादन सापडते. मागे राहून वाट पाहणाऱ्या स्त्रीची नोंद तेथे नसते. ती गीतांत आहे. म्हणून ही गीते इतिहासाची साधने आहेत.

८/ विजेच्या मागाने विणकराचा हातमाग थांबवला, विजेच्या गिरणीने जाते. जात्याबरोबर गाण्याचे निमित्तही सरले. आपल्या घरी, शेजारी, मागावरच्या कामगारांच्या खोल्यांत अशी गीते ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांच्याकडून ती आजच ध्वनिमुद्रित करून घ्या. गाणारीचे नाव, गाव आणि दिनांक अवश्य लिहा.