बिकिनीचा नारळ

पॅसिफिक महासागरांतील मार्शल द्वीपसमूहांत बिकिनी नांवाचें एक प्रवाळद्वीप आहे. १९४६ च्या फेब्रुवारींत एका रविवारीं, प्रार्थना आटोपल्यावर, अमेरिकन आरमाराचा अधिकारी कमोडोर वायट यानें तेथील रहिवाशांना विचारलें कीं, मानवजातीच्या कल्याणासाठीं हें बेट तुम्ही कांहीं काळ सोडाल काय? मार्च महिन्यांत १६७ माणसें घरें सोडून निघालीं. ‘कांहीं काळ’ हे शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. १९५८ पर्यंत तेथें २३ अण्वस्त्रांचे स्फोट करण्यांत आले. त्यांतला १ मार्च १९५४ चा एकटाच १५ मेगाटनांचा होता.

१९६८ सालीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं परतीस अनुमति दिली. मोडतोड हलविली, नवे माड लावले, घरें बांधलीं. कांहीं कुटुंबें येऊन राहूंहि लागलीं. जमिनीवर वावरणाऱ्या माणसास बाहेरून किती किरण लागतील, हें तज्ज्ञांनीं मोजलें होतें. त्याच्या पोटांत काय जाईल, याचा अंदाज मात्र फारच तोकडा निघाला. प्रवाळाच्या मातींत पोटॅश अत्यल्प असतें. सीझियम-१३७ हें रासायनिक दृष्ट्या पोटॅशियमचें भावंड. तेव्हां भुकेलें झाड एकाऐवजीं दुसरें उचलतें व फळांत सांठवितें. ज्यांचें खाणेंपिणें नारळावर, त्यांच्या देहांत तें उतरावयाचेंच. रहिवाशांच्या अंगांतील सीझियम यंत्रानें मोजतां १९७७-७८ मध्यें आंकडे झपाट्यानें चढलेले दिसले, आणि १९७८ च्या सप्टेंबरपर्यंत त्या बिचाऱ्यांना पुन्हां बेट सोडावें लागलें.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार मंडळाचा अहवाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. किरणमात्रा मिलिसीव्हर्ट या मापानें मोजतात. केवळ बेटावरचेंच अन्न खाल्ल्यास ती वर्षाला सुमारें १५, बाहेरच्या अन्नाची जोड दिल्यास सुमारें ४. निसर्गतः जगांत सरासरी २.४ मिळते. आहे त्या स्थितींत कायम वस्ती करूं नये, असें मंडळानें सांगितलें. वरची माती खरवडून टाकावी, तर जमिनीचा कसच जातो. म्हणून झाडांना पोटॅशचें खत घालणें बरें, कारण मग तीं सीझियम कमी उचलतात.

किती मात्रा सोसण्याजोगी, हा प्रश्न उरलाच. मार्शल बेटांच्या आण्विक दावा न्यायाधिकरणानें २००१ सालीं ०.१५ मिलिसीव्हर्टची मर्यादा मानली, व बिकिनीकरांना ५६ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. तिचा अगदीं अल्प अंशच त्यांच्या हातीं पडला.